डोळा रुग्णाचा, चावी कंपनीची

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील ‘सेकंड साइट’ या कंपनीने तयार केलेल्या ‘आर्गस-२’ या कृत्रिम दृष्टियंत्राला युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची २०१३ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा अंधत्वावर विज्ञानाने मिळवलेला विजय म्हणून त्याचा गौरव झाला होता. सुमारे दीड लाख डॉलर किमतीचे हे यंत्र जगभरातील साडेतीनशेहून अधिक लोकांच्या डोळ्यांत बसवले गेले. २०१९ मध्ये कंपनीने त्याचे उत्पादन थांबवले, मार्च २०२० मध्ये बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी पाठवले आणि २०२२ मध्ये ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. यंत्रे मात्र डोळ्यांतच राहिली. नेदरलँड्समधील एका रुग्णाचे कमरेला लावायचे उपकरण पडून मोडले, तेव्हा त्याला सुटे भाग ओळखीपाळखीतून मिळवावे लागले.

घटना जुनी वाटली तरी तिने उभा केलेला प्रश्न जुना झालेला नाही. तो समजण्यासाठी यंत्राची रचना पाहावी लागते. चष्म्यावरील कॅमेरा दृश्य टिपतो आणि कमरेच्या पेटीतील संगणकाकडे पाठवतो. त्या दृश्याचा अर्क काढून दृष्टिपटलावरील ६० इलेक्ट्रोडपैकी कोणाला, किती आणि कधी विद्युतप्रवाह द्यायचा, हे पेटीतील सॉफ्टवेअर ठरवते. डोळ्यातील भागात बॅटरी नसते. ऊर्जा आणि आज्ञा दोन्ही बाहेरून बिनतारी मार्गाने जातात. याचा अर्थ सॉफ्टवेअर बंद पडले की शरीरातील यंत्र म्हणजे निव्वळ धातूचा तुकडा.

हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी एकसारखेही नसते. किती प्रवाहाला रुग्णाला ठिपका दिसू लागतो, याची पातळी प्रत्येक इलेक्ट्रोडसाठी वेगळी असते आणि काळानुसार ती सरकते. ती पुन्हा मोजून नोंदवण्याचे साधन कंपनीच्या हाती असते. शिवाय चेतापेशींना दिला जाणारा प्रत्येक स्पंद संतुलित असावा लागतो. ऋण बाजूने जेवढा विद्युतभार दिला तेवढाच धन बाजूने परत घ्यावा लागतो. हा हिशेब चुकला तर इलेक्ट्रोड झिजतो आणि ऊतींना इजा होते. त्यामुळे ‘सॉफ्टवेअर सर्वांना खुले करा’ ही मागणी ऐकायला जितकी सरळ वाटते, तितकी ती नाही. हौशी तंत्रज्ञाने फोनचे सॉफ्टवेअर बदलणे निराळे आणि मज्जातंतूला झटका देणाऱ्या यंत्राचे बदलणे निराळे. पण सुरक्षिततेचे हेच कारण पुढे करून सर्व किल्ल्या एकाच खिशात ठेवणे आणि तो खिसा फाटला की हात झटकणे, हेही समर्थनीय ठरत नाही.

सेकंड साइट हा अपवादही नव्हे. तीव्र डोकेदुखीच्या रुग्णांच्या गालाच्या हाडामागे उद्दीपक बसवणारी ‘ऑटोनॉमिक टेक्नॉलॉजीज’ २०१९ मध्ये बंद पडली. त्याच वर्षी मणक्यातील उद्दीपक बनवणाऱ्या ‘न्यूव्हेक्ट्रा’ने दिवाळखोरी जाहीर केली. फ्रान्समधील ‘पिक्सियम व्हिजन’ही आर्थिक संकटात सापडली, तिचे ‘प्रिमा’ हे दृष्टियंत्र २०२४ मध्ये अमेरिकेतील ‘सायन्स कॉर्पोरेशन’ने विकत घेतले आणि २०२५ मध्ये त्याच्या चाचण्यांचे आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेथे खरेदीदार मिळाला, एवढाच फरक.

मान्यता देताना नियामक यंत्राची सुरक्षितता आणि उपयोग तपासतो. उत्पादकाची तिजोरी तपासत नाही. नवउद्योगाचे भांडवल आटण्याची शक्यता मात्र यंत्र बिघडण्याच्या शक्यतेहून कमी नसते. म्हणून उपाय मान्यतेच्या टप्प्यावरच शोधायला हवा. मूळ आज्ञावली, जुळणीचे साधन आणि दुरुस्तीची कागदपत्रे त्रयस्थाकडे सीलबंद ठेवावीत, कंपनी बुडाल्यास ती पात्र संस्थेच्या हाती जावीत आणि सुट्या भागांसाठी निधी आधीच बाजूला काढलेला असावा. बँका आणि मोठे उद्योग सॉफ्टवेअर विकत घेताना अशी तजवीज करून घेतात. रुग्णाच्या वतीने सौदा करणारे कोणी नसते, एवढेच.

भारतात हा विषय परका वाटू नये. कानातील श्रवणतंतूंना उद्दीपित करणारे कॉक्लिअर इम्प्लांट हे याच कुळातील यंत्र आहे आणि उपयुक्ततेत आर्गसच्या कितीतरी पुढे आहे. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेच्या २०१४ मधील सुधारित नियमांत दरवर्षी ५०० मुलांना प्रत्येकी सहा लाख रुपयांपर्यंत अशा रोपणाची तरतूद झाली. मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था तिची मध्यवर्ती यंत्रणा ठरली. या यंत्राचे उत्पादक मोठे आणि जुने आहेत, त्यामुळे उद्याच टाळे लागेल अशी भीती नाही. पण दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या कानात बसवलेला भाग पुढे कित्येक दशके तेथेच राहणार असतो. कानामागचा स्पीच प्रोसेसर मात्र त्याआधी अनेकदा बदलावा लागतो आणि ‘मॅपिंग’ही वारंवार करावे लागते. एका कंपनीच्या रोपणावर दुसरीचा प्रोसेसर चालत नाही. जुन्या प्रोसेसरला कंपनीने आधार देणे थांबवले की नव्याचा खर्च कुटुंबाच्या माथी येतो.

वैद्यकीय उपकरणांच्या नियमांत १ एप्रिल २०२० पासून सॉफ्टवेअरचाही समावेश झाला आहे. शासन हा अशा रोपणांचा मोठा ग्राहक आहे. किती वर्षे सुटे भाग मिळतील, जुळणीचे सॉफ्टवेअर कोणाकडे राहील आणि प्रोसेसर कालबाह्य झाल्यास बदली कोणत्या दरात मिळेल, या तीन अटी निविदेतच घालता येतील. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.