उंटांचा कळप आणि मधले पद

वर्गसमीकरणांचे प्रकरण सुरू झाले की दहावीतील मुलांच्या वह्यांत एक खोड दिसू लागते. मधले पद फुटेना, की मूल पुस्तकाच्या शेवटी छापलेले उत्तर पाहते आणि पायऱ्या उलट्या क्रमाने रचते. वही सुबक दिसते. समजलेले मात्र काही नसते.

अशा मुलापुढे महावीराचार्यांचा एक प्रश्न ठेवावा. राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, या दिगंबर गणितज्ञांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ मध्ये तो हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. प्रश्न असा : उंटांच्या कळपाचा चौथा हिस्सा वनात दिसला, कळपाच्या वर्गमुळाच्या दुप्पट उंट डोंगरउतारावर गेले आणि पाचाच्या तिप्पट नदीकाठी राहिले. कळप केवढा?

आचार्यांनी अशा प्रश्नांसाठी स्वतंत्र सूत्र दिले आहे; शाळेतील अवयवांची रीतही येथे चालते. वर्गमूळ क्ष मानले, तर कळप क्ष² होतो. समीकरण चारने गुणून मांडले की

३क्ष² − ८क्ष − ६० = ०

मुले चुकतात ती येथे. ती केवळ ६० चे अवयव धुंडाळतात. क्ष² चा सहगुणक ३ आहे, म्हणून गुणाकार ३ × ६०, म्हणजे १८० घ्यावयाचा. शेवटचे पद ऋण, तेव्हा एक संख्या धन व दुसरी ऋण. म्हणजे शोध ८ फरकाच्या जोडीचा. २० व ९ यांत फरक ११, तर १५ व १२ यांत अवघा ३. हवी ती जोडी या दोहोंच्या मध्ये असणार : १८ व १०. मधले पद −८क्ष आहे, म्हणून मोठी संख्या ऋण.

३क्ष² − १८क्ष + १०क्ष − ६० = ०
३क्ष(क्ष − ६) + १०(क्ष − ६) = ०
(क्ष − ६)(३क्ष + १०) = ०

दोन अवयवांचा गुणाकार शून्य असेल, तर त्यांतील एक तरी शून्य असलाच पाहिजे. म्हणून क्ष = ६ किंवा −१०/३. दुसरे मूळ बीजगणिताला चालते, कळपाला नाही; त्याचा वर्ग केल्यास अकरा उंट आणि वर एक नवमांश उंट निघेल! राहिले ६, आणि कळप ३६ उंटांचा.

वनात ९, डोंगरउतारावर १२, नदीकाठी १५. बेरीज ३६. हा पडताळा मुलाने स्वतः घेतला, तर पुस्तकाचे शेवटचे पान उघडावे लागत नाही.