प्रेमात पडलं की लहानपणीची जखम भरते का?

रील्स स्क्रोल करताना हे तुम्ही पाहिलं असेल. एक मुलगी पुस्तक मिटते आणि कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडते. खाली लिहिलेलं असतं, ‘या पुस्तकानं पार रडवलं!’ पुस्तक बहुतेक वेळा प्रेमकथाच असते. हिरो जरा तापट, हिरॉइन गप्प गप्प. आणि दोघांपैकी एकाच्या तरी लहानपणी काहीतरी भयंकर घडलेलं. बाप दारू पिऊन आईला मारायचा, नाहीतर आई सोडून गेली, नाहीतर घरातल्याच कुणीतरी नको तिथं हात लावला. मग ते दोघं भेटतात, आणि तीनशे पानांनंतर सगळं बरं होतं.

खरंच होतं का पण?

हा प्रश्न पुण्या-मुंबईतल्यांपेक्षा बीडमधल्या तुम्हा-आम्हाला जास्त लागू पडतो. का, ते बघू.

आपल्याकडचं बालपण

दसरा-दिवाळी झाली की पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतली कितीतरी गावं निम्मी रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढवायचं आणि पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर राहायचं. लेकरं एकतर सोबत जातात, कोपीत राहतात, शाळा सुटते. नाहीतर गावात आजी-आजोबांकडे राहतात. त्यात वयात आलेली मुलगी असली की आई-बापाच्या जिवाला घोर. तिला कुणाच्या भरवशावर ठेवायचं? उत्तर ठरलेलं आहे, ‘लग्न लावून टाका.’ शिवाय नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणजे लग्न झालं की नव्या जोडप्याला नवी उचल मिळते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात याचा आकडाच आला. बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचं प्रमाण २१.९ टक्के. म्हणजे आपण जवळजवळ दुप्पट!

अशा बालपणाचं ओझं पुढे किती वर्षं राहतं? अमेरिकेत विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी १९९८ मध्ये यावरचा गाजलेला अभ्यास मांडला. लहानपणी मारहाण, लैंगिक छळ, घरातलं व्यसन असं जितकं जास्त वाट्याला आलं, तितका मोठेपणी नैराश्याचा, व्यसनाचा, अगदी हृदयविकाराचाही धोका वाढलेला दिसला. आपल्याकडे २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं १३ राज्यांत मुलांशी बोलून अहवाल काढला. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं. त्यात मुलगेही होते.

म्हणजे ही पुस्तकं वाचून रडणाऱ्या सगळ्यांनाच ‘ड्रामा’ म्हणून चालणार नाही. काही जण स्वतःची गोष्ट पहिल्यांदाच कुठेतरी छापलेली बघत असतात.

मग अडचण कुठे आहे?

अडचण आहे ती शेवटात. ‘खरं प्रेम मिळालं की मागचं सगळं पुसलं जातं,’ असं ज्या कादंबरीत ठरवून टाकलेलं असतं, तिथं. हिरो संशय घेतो, फोन तपासतो, मित्राशी बोलली म्हणून भिंतीवर मूठ आपटतो. लेखक म्हणतो, बिचाऱ्याचं बालपण वाईट होतं. हिरॉइन त्याला सांभाळून घेते. तिच्या स्वतःच्या जखमेचं काय झालं, ते कुणी विचारतच नाही.

आता हे आपल्या घरात ऐकलेल्या वाक्यांशेजारी ठेवून बघा. ‘लग्न झालं की सुधरेल पोरगा.’ ‘नवऱ्याच्या घरी गेली की विसरेल सगळं.’ गावातला काका आणि अमेरिकेतली लेखिका एकच गोष्ट सांगतायत! एक म्हणतो लग्न हे औषध, दुसरी म्हणते प्रेम हे औषध. घरच्या जाचातून सुटायला सोळाव्या वर्षी कुणाचा तरी हात धरून पळालेली मुलगी आणि पळून जाईल म्हणून पंधराव्या वर्षी उजवलेली मुलगी, दोघींची शाळा सुटते, दोघी कमी वयात आई होतात. पळून जाण्यात मुलाचंही नुकसान आहे. अठराच्या आतल्या मुलीची ‘संमती’ पोक्सो कायदा मानत नाही. तिचं तिच्या मर्जीनं असलं तरी गुन्हा दाखल होतो.

चांगली पुस्तकं काय करतात?

सगळी पुस्तकं अशी नाहीत. खूप गाजलेलं उदाहरण घ्या, कॉलीन हूवरचं ‘इट एंड्स विथ अस’. २०१६ चं पुस्तक, २०२४ मध्ये त्यावर सिनेमाही आला. लिलीनं लहानपणी बापाला आईवर हात उगारताना बघितलंय. पुढे तिचा नवराही तेच करतो. त्याच्याही बालपणात एक भयानक प्रसंग आहे, तो तिला कळतो, वाईटही वाटतं. तरी मुलगी झाल्यावर ती त्याला सोडते. कारण कळलं म्हणून मार माफ होत नाही, एवढं हे पुस्तक स्पष्ट सांगतं. पण बाजार बघा. २०२३ मध्ये याच कादंबरीचं चित्रं रंगवायचं पुस्तक काढायचं ठरलं होतं. मारहाणीच्या गोष्टीत रंग भरायचे? वाचक खवळले आणि तो बेत रद्द करावा लागला.

रेनबो रोवेलच्या ‘एलेनॉर अँड पार्क’मधली एलेनॉर गरीब घरातली. भावंडांची गर्दी, बाथरूमला दार नाही, सावत्र बापाची दहशत. पार्कचं प्रेम तिला धीर देतं, पण तो तिच्याशी लग्न करून तिला ‘वाचवत’ नाही. तो तिला गाडीनं तिच्या मामाच्या गावी सोडून येतो. स्टीफन चबॉस्कीच्या ‘द पर्क्स ऑफ बीइंग अ वॉलफ्लॉवर’मध्ये (१९९९) चार्लीला मुलगी आवडते, पण लहानपणी झालेल्या छळाची आठवण वर आल्यावर तो बरा होऊ लागतो तो हॉस्पिटलमध्ये, डॉक्टर आणि घरच्यांच्या मदतीनं.

दोन्ही पुस्तकांत प्रेम आहे, पण उपचाराचं काम प्रेमावर टाकलेलं नाही.

आणि आपली गोष्ट?

मराठीत शाळकरी प्रेम म्हटलं की मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ आठवते. आणीबाणीच्या काळातली, नववीतल्या मुकुंदाची. गोड आहे, हुरहूर लावते. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त जब्याचं प्रेम आणि जातीमुळे रोज होणारा अपमान एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत. पण तो सिनेमा. कोपीत वाढलेल्या, हंगामी वसतिगृहात शिकलेल्या, घरातलं काहीतरी मनात दाबून कॉलेजात आलेल्या आणि तिथं कुणावर तरी जीव जडलेल्या मुलीची कादंबरी तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत शोधून बघा. ती हातात पडेपर्यंत आपण ओमाहातल्या एलेनॉरमध्येच स्वतःला शोधत राहणार. तुमच्यापैकी कुणाला लिहायचं असेल तर विषय दारातच आहे.

तोवर वाचा, बिनधास्त वाचा. फक्त पुस्तक मिटताना तीन प्रश्न विचारा. हिरोला राग आला की हिरॉइन घाबरते का? तिला तिच्या जोडीदाराशिवाय आणखी कुणी माणूस आहे का, मैत्रीण, शिक्षक, मामा? आणि शेवटी ती बरी झाली ती कशानं? उत्तर ‘त्याच्यामुळे’ एवढंच असेल, तर गोष्ट म्हणून मजा घ्या, पण तिच्यावर आयुष्याचे निर्णय घेऊ नका.

वाचता वाचता आपलंच काही वर आलं, छातीत धडधडलं, झोप उडाली, तर पुस्तक बाजूला ठेवलेलं चालतं. विश्वासाच्या मोठ्या माणसाशी बोला. अठराच्या आत असाल, किंवा मैत्रिणीचं लग्न ठरवलं जात असेल, तर १०९८ ही चाइल्डलाइन आहे. मनावर ताण असेल तर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा नंबर. दोन्ही मोफत आहेत. फोन करायला कुणाच्या प्रेमात असावं लागत नाही.