सही कुठे करू, एवढेच विचारायचे का?

आपल्या सीमाभागात माणूस डॉक्टरपाशी बोलणार नाही ते वकिलापाशी बोलतो. भावाभावांतली वाटणी, पहिल्या बायकोच्या मुलांचा हिस्सा, मुलीची पोटगी, दारूपायी गहाण पडलेले शेत, हे सारे टेबलापलीकडच्या काळ्या कोटापुढे ओतले जाते. ओतलेले पुढे कुठे जाते, हे कुणी विचारत नाही. अशिलाचा प्रश्न एकच : सही कुठे करू?

मी पेशाने शिक्षक. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. परंतु मराठी शाळेचा मुख्याध्यापक म्हटला की गावाचे कागद वाचून देण्याचे काम न मागता गळ्यात पडते. कन्नडमधला उतारा, इंग्रजीतली नोटीस, वकीलपत्र, असे काही ना काही घेऊन पालक येत असतात. वकीलपत्रावर सही आधी झालेली असते आणि अर्थ मागाहून विचारला जातो. हा क्रम उलटा आहे, आणि तो उलटा राहण्यात वकीलवर्गाची सोय आहे, असा माझा सरळ आरोप आहे.

कायदा मात्र आजचा नव्हे, दीडशे वर्षांपासून अशिलाच्या बाजूचा आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातले १२६ वे कलम सांगत होते की, अशिलाने वकिलीच्या कामासाठी सांगितलेली गोष्ट त्याच्या स्पष्ट संमतीवाचून वकिलाने उघड करू नये. काम संपले तरी हे बंधन संपत नाही. गुन्हा करण्यासाठी सल्ला मागणाऱ्याला हे संरक्षण नाही, आणि ते रास्तच आहे. पुढचे १२७ वे कलम तर जणू आमच्यासारख्या दुभाषी मुलखासाठीच लिहिलेले : हेच बंधन दुभाष्यांवर आणि वकिलांच्या कारकून-नोकरांवरही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या १३२ व्या कलमात हे सारे कायम आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही बजावले की, अशिलाची माहिती काढण्यासाठी तपास यंत्रणांनी वकिलाला वाटेल तेव्हा समन्स पाठवू नये. वकीलमंडळींनी या निकालाचे स्वागत केले. करावेच. पण ही गोपनीयता मुळात वकिलाची मिरासदारी नव्हे. ती अशिलाची ठेव आहे, वकील तिचा राखणदार.

आता राखणदारी पाहा. जे पोलिसाला मिळू शकत नाही ते कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्या पोराला मिळते. एका पालकाच्या वाटणीपत्राचा मसुदा असाच एका दुकानातल्या संगणकावर पडून राहिला आणि सही होण्याआधीच भाऊबंदांत चर्चेला आला. वकीलसाहेबांचे उत्तर काय, तर ‘आमच्याकडून बाहेर गेले नाही.’ मृत्युपत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायचा, तो ज्युनियरला, तिथून टायपिस्टला, तिथून आणखी कुणाला. प्रत्येक मोबाइलात एक प्रत. दुभाष्याचे काम शेजारचा किंवा मेहुणा करतो. उद्या ती बैठक कुणी फोडली, तर १३२ व्या कलमातला दुभाषा मी नव्हेच, असे म्हणायला तो मोकळा!

आणि आता शहरांतल्या मोठ्या लॉ फर्मची संकेतस्थळे. एखादे उघडा. आत शिरण्यापूर्वीच इंग्रजीत एक चौकट आडवी येते : मी स्वखुशीने आलो आहे, मला कुणी बोलावलेले नाही, इथली माहिती हा सल्ला नव्हे. खाली बटण, ‘मान्य आहे’. ही चौकट कुणाच्या रक्षणासाठी? बार कौन्सिलच्या ३६ व्या नियमाने वकिलाला जाहिरातीची बंदी आहे. २००८ मध्ये संकेतस्थळावर नाव, पत्ता, पात्रता, कामाचे क्षेत्र एवढे देण्याची मुभा मिळाली. म्हणजे चौकट वकिलाच्या सनदेची पाठराखण करते. येणाऱ्याचे काय काय टिपून घेतले जाते, याबद्दल त्या चौकटीत बहुधा अवाक्षर नसते.

टिपले तर पुष्कळ जाऊ शकते. ‘कुकी’ नावाची बारीकशी नोंद तुमच्याच मोबाइलात ठेवली जाते; तिच्या आधारे कोणते पान उघडले, किती वेळ वाचले, पुन्हा कधी आलात, हे समजते, आणि पानावर जाहिरात कंपनीचा धागा जोडलेला असेल तर तिलाही समजते. आमच्या घरांतून मोबाइल एकट्याचा नसतो. एखाद्या सुनेने रात्री पोटगीचे पान वाचले आणि सकाळी नवऱ्याच्या हातातल्या त्याच मोबाइलवर तसल्याच जाहिराती झळकल्या, तर? ती अजून कुणाची अशील झालेली नाही, म्हणून १३२ व्या कलमाचे छत्र तिने नुसत्या वाचलेल्या पानाला लाभेल, असा भरवसा मी देणार नाही.

तिच्या कामी येईल तो २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. सूचना आणि संमती यांच्या तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. वकील म्हणतील, कायदेशीर हक्क बजावण्यासाठी लागणाऱ्या माहितीला यात सूट आहे. आहे, १७ व्या कलमात. पण माहिती सुरक्षित ठेवण्याच्या जबाबदारीतून त्या सुटीनेही कुणी सुटत नाही. तिथे चुकल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आणि पोटगीचे पान कुणी किती वेळ वाचले, हे कोणत्या दाव्याला लागते, ते एखाद्या विद्वान वकिलाने मला समजावून द्यावे.

माझ्या दृष्टीने खरा ऐवज पुढेच आहे. या कायद्याच्या ५ व्या आणि ६ व्या कलमांप्रमाणे सूचना आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. अनुसूचीत बावीस भाषा आहेत. मराठी आहे, कन्नड आहे, कोकणीही आहे. याला कुणी सीमावादाचे शेपूट जोडू नये. आमच्याच घरांतली कन्नड शाळेत शिकलेली मुले कन्नड निवडतील, त्यांची आजी मराठी निवडेल.

‘खेड्यातल्या अशिलाला हे कशाला हवे, त्याला निकाल हवा,’ असे एका वकिलांनी मला ऐकवले. त्या अशिलाला सात-बारा तोंडपाठ असतो, बांधावरचा दगड वीतभर सरकला तर कळतो. आपली गुपिते कुणाच्या हाती आहेत हे त्याला कळणार नाही? सांगणारा त्याच्या भाषेत सांगत नाही, एवढीच अडचण आहे.

तेव्हा दिवाळीनंतर कोर्टाची कामे सुरू होतील तेव्हा वकीलपत्र घरी मागून आणा, रात्रभर ठेवा, वाचवून घ्या. माझे कागद कुणाकुणाच्या मोबाइलात जाणार, हे विचारा. दुभाष्या म्हणून मेहुण्याऐवजी वकिलाचा कारकून बसवा; बंधन त्याच्यावर आहे. दावा निकाली निघाला की मूळ कागद मोजून परत घ्या आणि मोबाइलातल्या प्रती समोर पुसायला लावा. वकील रागावले तर रागावू देत. फी आपण भरलेली असते.