कुंपण आहे, राखणदार कोण?

कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो. शेतमालाच्या आयातीविषयी बोलताना मात्र कुंपण किती उंच, म्हणजे आयातशुल्क किती टक्के, एवढ्यावरच चर्चा थांबते. त्या कुंपणाला एक दार ठेवलेले असते आणि त्याची किल्ली कोणाच्या तरी हाती असते, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

जून २०२४ च्या अखेरीस ते गेले. केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने मका, दूध भुकटी, कच्चे सूर्यफूल तेल आणि रिफाइंड रेपसीड तेल यांच्या मर्यादित आयातीला सवलतीच्या शुल्कात वाट करून दिली. दूध भुकटीची मर्यादा होती १० हजार टन. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचे भाव पडल्याने लिटरमागे ५ रुपयांचे अनुदान देण्याची वेळ राज्य सरकारवर आली, ती याच वर्षी. गोठ्यात खळबळ माजली, यात नवल ते काय?

या व्यवस्थेला आयातशुल्क कोटा म्हणतात. ठरलेल्या प्रमाणापर्यंत माल कमी शुल्कात येतो, त्यापुढे जबर शुल्क लागते. दूध भुकटीला कोट्यात १५ टक्के आणि कोट्याबाहेर ६० टक्के. मक्याला १५ आणि ५० टक्के. कोट्यातला माल आणायचा तर महासंचालनालयाकडे अर्ज करून परवाना मिळवावा लागतो. कोणाला किती द्यायचे हे तेथील समिती ठरवते आणि माल ३१ मार्चपूर्वी बंदरातून सुटावा लागतो.

ही रचना शेतकऱ्याच्या मुळावर येण्यासाठी जन्मलेली नाही, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. देशात दुधाचा दुष्काळ होता त्या काळात आपण ‘गॅट’ करारात भुकटीवर शून्य शुल्काची बांधिलकी स्वीकारली. पुढे १९७० मध्ये सुरू झालेल्या दूध महापूर योजनेने चित्र पालटले आणि नव्वदच्या दशकाअखेर भारत जगात सर्वाधिक दूध देणारा देश झाला. पण शून्याची ती जुनी सही तशीच राहिली. आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठणार हे स्पष्ट झाल्यावर वाजपेयी सरकारच्या काळात वाटाघाटी होऊन ६० टक्क्यांची भिंत पदरात पडली. १० हजार टनांचा कोटा ही तिची किंमत होती. सौदा शहाणपणाचाच होता.

मग दुखणे कोठे आहे? ते परवान्यात आहे. समजा, परदेशी भुकटी बंदरात २०० रुपये किलोने पोहोचली. १५ टक्क्यांनी शुल्क ३० रुपये, ६० टक्क्यांनी १२० रुपये. फरक किलोमागे ९० रुपयांचा. १० हजार टन म्हणजे एक कोटी किलो. म्हणजे देशातील भाव चढे असतील, तर एका कागदाच्या बळावर ९० कोटी रुपयांपर्यंतचा लाभ निर्माण होऊ शकतो, तोही एक थेंब दूध न काढता! हा लाभ कोणाच्या ओंजळीत पडावा, हा खरा नीतीचा प्रश्न आहे.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ किंवा ‘नाफेड’ यांसारख्या संस्थांकडे परवाना असेल, तर टंचाईच्या दिवसांत माल आणून आणि मुबलकतेच्या दिवसांत हात आखडता घेऊन तोल सांभाळता येतो. २०२४ मध्ये अशाच संस्थांची निवड झाली, ही जमेची बाजू होय. केवळ नफ्यावर नजर असलेल्या हाती तोच कागद गेला, तर गोदामे भरलेली असतानाही माल येईल. देशाच्या वार्षिक सुमारे २४ कोटी टन दुधापुढे १० हजार टन भुकटी नगण्य आहे, असा युक्तिवाद केला जातो. आकड्यांत तो खरा आहे. परंतु बाजार नुसत्या बातमीनेही पडतो, आणि पडत्या बाजारात पहिला घाव दोन गायींच्या धन्यावर बसतो.

मक्याची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. इथेनॉलसाठी मागणी वाढल्याने मका महागला आणि कुक्कुटपालक आयातीची मागणी करू लागले. मका पिकवणारा शेतकरी आणि कोंबड्यांना तो चारणाराही शेतकरीच. अशा वेळी ‘आयात नकोच’ ही घोषणा टाळ्या मिळवते, उत्तर देत नाही.

उत्तर किल्लीच्या शिस्तीत आहे. परवाना कोणाला, किती आणि कोणत्या महिन्यासाठी दिला, हे सर्वांना वाचता येईल अशा रीतीने प्रसिद्ध व्हावे. मक्याची नवी आवक आणि दुधाचा पुष्टकाळ या दिवसांत दार बंद राहावे. वाटपाच्या समितीसमोर उत्पादकांचे म्हणणे मांडले जावे. यासाठी कोणताही आंतरराष्ट्रीय करार मोडावा लागत नाही. केवळ प्रशासनाची इच्छा लागते.

स्वदेशीचा अर्थ भिंती उंच करणे एवढाच नाही. भिंतीतल्या दारावर जागता राखणदार उभा करणे हाही आहे. तो झोपला, तर कुंपणाची उंची मोजत बसण्यात काय अर्थ?