छोट्या लेथला आधी घट्ट करा, मोटरचं नंतर बघू

घरी छोटी लेथ आणल्यापासून दोन सल्ले ऐकून माझे कान किटलेत. एक म्हणतो, मोठी मोटर बसव. दुसरा म्हणतो, प्लास्टिकचे गिअर फेक आणि लोखंडी टाक. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि दुसऱ्यापायी माझा पेरणीचा वापसा गेला, म्हणून आज जरा कडक लिहितो.

लेथ म्हणजे ती चिनी बनावटीची, सात इंची म्हणतात ती. वजन ४० किलोच्या आसपास. तालुक्याच्या वर्कशॉपमधली टनाच्या घरात असते. दोन्हींतला खरा फरक वजनाचा आणि घट्टपणाचा. टूल थरथरतं, कामावर लाटा उठतात, तेव्हा मोटर कमी पडत नसते, टूल धरणारा भाग हलत असतो. हात हलत असला तर मोठा कोयता देऊन काय उपयोग?

आता गिअरचं ऐका. प्लास्टिकचा गिअर हा फ्यूज आहे. सॅडल चकावर आदळलं तर त्याचे दात जातात, बाकीचं वाचतं. मी हौसेनं लोखंडी टाकले. जूनमध्ये पेरणी यंत्राच्या शाफ्टची गनमेटल बुश करत होतो, ऑटो फीड लावलेलं. फोन वाजला, मान वळली, सॅडल चकाला भिडलं. लोखंडी गिअरला ओरखडा नाही, पण आतली हाफ नट फुटली. सुटा भाग यायला नऊ दिवस लागले, तालुक्यात नंबर लागेना, आणि वापसा होता चार दिवस. सोयाबीन मागास पडलं ते शेवटपर्यंत मागासच राहिलं. लक्ष माझं गेलं, मान्य. पण प्लास्टिकचा गिअर असता तर डब्यातला दुसरा घालून अर्ध्या तासात काम चालू झालं असतं.

मग पैसे कुठं घालायचे? आधी घालूच नका. गिबचे स्क्रू आवळून बघा. सॅडलच्या खालच्या पट्ट्या ढिल्या असतात, तिथं शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापून शिम घालता येते.

मला सगळ्यात जास्त फरक पडला तो कंपाउंड स्लाइड काढल्यानं. टेपर काढायचा नसेल तर तिचं काम नाही. तिच्या जागी लोखंडाचा भरीव ठोकळा बोल्टनं आवळला आणि त्यावर टूल पोस्ट. उंची अशी ठेवा की टूलचं टोक बरोबर सेंटरला येईल. आधी पार्टिंग टूल लावायला भीती वाटायची, आता बिनधास्त कापतो.

त्यानंतर बेरिंग. माझ्या हेडस्टॉकमध्ये ६२०६ बॉल बेरिंग होत्या. त्याच मापाची, म्हणजे आत ३० आणि बाहेर ६२ मिलिमीटरची, टेपर रोलर ३०२०६ बसते, स्पेअरच्या दुकानात मिळते. रुंदी मात्र १६ ऐवजी १७.२५, तेवढा स्पेसर घासावा लागतो. नट आवळताना चक हातानं मोकळं फिरलं पाहिजे. चालवून हात लावा, चटका बसला तर जास्त आवळलंय. आणि लेथ जाड प्लेटवर बोल्टनं बसवा, लाकडी टेबलावर नको.

ट्रॅक्टरचा ॲक्सल, ब्रेकचं काही, हे ह्यावर करायचं नाही. तिथं मुकाट्यानं तालुक्याला जायचं.

कृषी तज्ज्ञ मंडळी वाचत असतील तर त्यांनाही विचारतो. अवजाराला अनुदान कसं मिळतं हे मी बऱ्याच शिबिरांत ऐकलं. घासलेली बुश मोजायची कशी, हे मी गेलो त्या एकाही शिबिरात कुणी दाखवलं नाही. यंत्र शेतात उभं राहतं ते त्या बुशीपायीच ना?

लोखंडी गिअरचा सेट अजून डब्यात पडून आहे. कुणाला शोकेसमध्ये ठेवायला हवा असेल तर येऊन घेऊन जावा.