देवगडचे तट आणि देवगडच्या विहिरी



बोरगाव, सौसर, पांढुर्णा या आपल्या परिसरातील माणसास नागपूरचा रस्ता पाठ असतो. दवाखाना असो, संत्र्यांचा बाजार असो वा मुलांचे शिक्षण असो, आपली पावले दक्षिणेकडे वळतात. परंतु ज्या राजाने ते नगर वसविले, त्याची मूळ राजधानी आपल्या उत्तरेकडील डोंगरात आहे, याचे स्मरण थोड्यांनाच असते. मोहखेड तहसिलीतील देवगड हा तो किल्ला होय.

तेथील गोंड राजा जाटबा हा अकबर बादशहाचा समकालीन. त्याच्या पदरी 2,000 घोडेस्वार, 50,000 पायदळ व 100 हत्ती असल्याची नोंद ‘ऐने अकबरी’त आहे. आज त्या वैभवापैकी नगारखान्याचे अवशेष, पडके महाल व मोतीटाका नावाचा पाण्याचा हौद एवढेच उरले आहे. नगारा केव्हाच थांबला.

याच घराण्यात पुढे बख्त बुलंद शाह झाला. 1686च्या सुमारास तो औरंगजेबाच्या दरबारी गेला, त्याने इस्लामचा स्वीकार केला आणि बादशहाच्या पाठबळावर राज्य मिळविले. त्याच्या अंतःकरणाचा न्याय करणे आपले काम नव्हे. त्याच्या कृतीची फळे मात्र आपण पाहू शकतो. 1702 साली त्याने 12 लहान वस्त्या एकत्र करून नागपूरचा पाया घातला. हिंदू असो वा मुसलमान, कर्तबगार माणसास त्याने कामावर घेतले. चहूकडून कष्टाळू शेतकरी व कारागीर त्याच्या राज्यात आले, हजारो गावे वसली व शेतीव्यापार वाढला, असे इंग्रज रेसिडेंट जेन्किन्स याने 1827च्या आपल्या अहवालात लिहून ठेविले. त्याचा पुत्र चांद सुलतान याने राजधानी नागपुरास नेली, नगरास तट बांधला व जुम्मा तलाव निर्माण केला. आजचा गांधीसागर तो हाच.

मग हे राज्य बुडाले कशाने? चांद सुलतान 1739 साली मरण पावला आणि घरातच कलह माजला. वली शाहाने गादी बळकाविली. विधवा राणीने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांस साहाय्यास बोलाविले. त्यांनी तिच्या दोन पुत्रांस, बुऱ्हाण शाह व अकबर शाह यांस, गादीवर बसविले व ते परत गेले. परंतु दोघे भाऊ एकमेकांशी भांडले आणि रघूजींना पुन्हा पाचारण झाले. या वेळी ते परत गेले नाहीत. 1743पासून सत्ता भोसल्यांची झाली. धाकटा भाऊ परागंदा झाला व थोरला नावापुरता राजा उरला. बाहेरच्या शत्रूसाठी बांधलेला तट घरातील वैरापुढे निरुपयोगी ठरला. आपसांत फुटलेले घर टिकत नाही, ही प्रभू येशूची शिकवण येथे इतिहासाने खरी करून दाखविली.

देवगडच्या परिसरात 800 विहिरी व 900 बावड्या होत्या, असे लोक परंपरेने सांगतात. अलीकडे रोजगार हमीच्या कामातून त्यांपैकी काही बावड्यांचा गाळ उपसण्यात आला व त्यांना पुन्हा पाणी आले. राजाचे तट ढासळले, पण त्याच्या काळच्या विहिरी अजून तहान भागवू शकतात!

उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाने हेच केले. त्याच्या पित्याच्या, अब्राहामाच्या काळच्या विहिरी पलिष्ट्यांनी बुजविल्या होत्या. त्या त्याने पुन्हा खणविल्या. पुढे त्याच्या चाकरांनी नवी विहीर खणली, तेव्हा गरारचे गुराखी तंटा करू लागले. ती विहीर सोडून त्याने दुसरी खणविली; तिच्यावरूनही भांडण झाले. तिसरीवरून मात्र कोणी भांडले नाही. तिचे नाव त्याने रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा, असे ठेविले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इसहाक दुबळा नव्हता. तो फार बलवान झाला आहे, असे प्रत्यक्ष अबीमलेख राजाने म्हटले होते. जो बलवान होता, त्यानेच माघार घेतली.

वाचकहो, आंबिया बहराची फळे उन्हाळ्यात तगवावयाची म्हणजे पाणी हवेच. वडिलांनी खणलेली विहीर एक, भाऊ तिघे. पाण्याची पाळी चुकली, मोटार उशिरा बंद झाली, बांध हातभर सरकला, एवढ्यावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत. रविवारी एकाच वेदीपुढे गुडघे टेकतात आणि सोमवारी कोर्टाची तारीख गाठतात. कित्येकदा विहिरीपेक्षा वकिलावर अधिक खर्च होतो, आणि विहीर तशीच गाळाने भरत जाते.

माघार घेणे याचा अर्थ दुर्बलाने अन्याय सोसावा, असा कोणी करू नये. बहिणीचा वाटा, विधवा भावजयीचा हक्क हा दिलाच पाहिजे. ज्याच्या हाती बळ आहे, ज्याची जमीन मोठी व मुलगे कमावते आहेत, त्याने प्रथम हात पुढे करावा.

यंदा पावसापूर्वी सर्व भावांनी मिळून वडिलांच्या विहिरीचा गाळ काढावा. पाळ्या ठरवून त्या कागदावर लिहाव्यात व मुलांसमक्ष वाचाव्यात. बख्त बुलंदाच्या नातवांना राज्य मिळाले, पण एकत्र नांदण्याची शिकवण मिळाली नाही. आपल्या नातवंडांसाठी राज्य ठेवणे आपल्या हाती नाही. वाहती विहीर आणि बोलणारे भाऊ ठेवणे आपल्या हाती आहे. त्यासाठी परमेश्वर आपणांस सुबुद्धी देवो.