निबंधात दावा ठोका

'दाहक' हा शब्द दहा वर्षं बंद करा. त्याच्याबरोबर 'विदारक', 'जळजळीत', 'वेदना आणि विद्रोह' ही सगळी पलटणही घरी बसवा. काहीच म्हणायचं नाही हे झाकायला याच्याइतकं जाड घोंगडं मराठीत दुसरं नाही.

पालीत आम्ही काही पोरंपोरी रविवारी बसतो. गावात त्या दिवशी बल्लाळेश्वराची रांग, पार्किंगची बोंबाबोंब, आणि आम्ही एका खोलीत पुस्तकं घेऊन. कुणाचा बाप एसटीत, कुणाची आई अंगणवाडीत, एकजण खोपोलीकडं कंपनीत कंत्राटी. बहुतेक सगळे बी.ए.चे, मराठीवाले. गेल्या महिन्यात त्यांचे निबंध वाचायला घेतले. 'बलुतं'वर, 'गोलपिठा'वर, बाबूराव बागुलांच्या कथांवर. अकरापैकी नऊ निबंधांचं पहिलं वाक्य एकच: 'प्रस्तुत साहित्यकृतीत लेखकाने दलित जीवनाचे दाहक वास्तव प्रभावीपणे चित्रित केले आहे.'

हे वाक्य पोरांचं नाही. ते गाइडचं आहे. गाइडवाल्यानं कुणा प्राध्यापकाच्या नोट्समधनं उचललं, आता ते मोबाइलवरनं फिरतंय. त्यातलं 'बलुतं' काढा आणि लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' घाला, लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' घाला. वाक्याला ढिम्म काही होत नाही. महाराच्या पोराचं पुस्तक, कैकाड्याच्या पोराचं पुस्तक, उचल्याच्या पोराचं पुस्तक, सगळ्यांना एकच टोपी. आमच्या माणसांनी जन्म जाळून पुस्तकं लिहिली ती सिलॅबसमध्ये गेली, याचा आपल्याला कोण आनंद! पण तिथं ती या वाक्याखाली गुदमरतायत, आणि हे वाक्य आपलीच पोरं लिहितायत. मार्कसुद्धा मिळतात. म्हणून तर ते मरत नाही.

मास्तर लोक म्हणतात, निबंधाला 'मध्यवर्ती विधान' पाहिजे. विधान हा शब्द मला गुळमुळीत वाटतो. 'सुधागड तालुका निसर्गरम्य आहे' हेही विधानच. त्यावर कोण भांडेल? 'सुधागडचा निसर्ग त्यालाच दिसतो, ज्याला इथं वीटभट्टीवर जावं लागत नाही', असं म्हणा, मग बघा. लॉजवाला उठेल, शहरातनं आलेला ट्रेकवाला उठेल, एखादा कातकरी पोरगाही उठून म्हणेल की मला दिसतो, तू कोण ठरवणार? आता पुरावा काढावा लागेल. ज्याच्यावर भांडण होऊ शकतं आणि ज्याच्यासाठी पुरावा काढावाच लागतो त्याला मी दावा म्हणतो. कोर्टातला शब्द आहे, मुद्दाम घेतलाय.

कोर्टाचीच गोष्ट घ्या. महाड आणि पाली आज एकाच रायगड जिल्ह्यात. तेव्हा महाड कुलाब्यात आणि पाली भोर संस्थानात. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा लावला: तळं खाजगी आहे, आणि अस्पृश्यांना तिथं मज्जाव ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे. वाईट दावा, पण दावा. त्यात धरता येईल असं काहीतरी होतं. अनादी म्हणता? दाखवा. खालच्या कोर्टापासून हायकोर्टापर्यंत ते दाखवू शकले नाहीत. 17 मार्च 1937 ला हायकोर्टानं त्यांचं अपील फेटाळलं, अनादी वहिवाट सिद्ध होत नाही म्हणून. त्यांनी कोर्टात नुसतं 'आमच्या भावना दाहक आहेत' असं लिहून दिलं असतं, तर त्यांना हरवायचं कसं? गाइडचं वाक्य कधीच हरत नाही, कारण ते कधी आखाड्यातच उतरत नाही.

आता पुस्तकावर येऊ. बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती', 1963. शीर्षककथेतला नायक रेल्वेत नोकरीला लागतो, जात सांगत नाही. कवी आहे. तिवारी त्याला डोक्यावर घेतो, गुरू मानतो. जात फुटते आणि तीच माणसं त्याला तुडवतात. काशीनाथ, जो जात लपवत नाही आणि अंगावर येणाऱ्याच्या अंगावर जातो, तो येऊन त्याला सोडवतो. आमच्यातल्या एकानं लिहिलं होतं: 'या कथेत जातीयतेचे विदारक चित्रण आहे.' म्हटलं, गड्या, हे तर शीर्षकावरनंच कळतं. कथा कशाला वाचलीस? तुला टोचलं कुठं? तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, नोकरी मिळाली, मजुरांत मिसळला, कवितेला मान मिळाला, नवा भारत म्हणून जे जे सांगतात ते सगळं त्याला मिळालं, आणि एका शब्दानं सगळं गेलं. म्हटलं, हेच लिही. त्यानं लिहिलं: 'या कथेत आरोपी जात लपवणारा माणूस नाही, नव्या भारतावरचा त्याचा भरवसा आरोपी आहे.' झाला दावा.

पण एका मुलीनं तो लगेच अडवला. मग काशीनाथचं काय? त्याचा कुठं भरवसा होता? तो तर सुरुवातीपासून उघडा आहे. दावा डगमगला. डगमगला म्हणजे पडला असं नव्हे, त्याला आणखी काम लागलं. तासाभरानं वाक्य असं झालं: 'नव्या भारतावर भरवसा ठेवणाऱ्याला वाचवायला शेवटी तसला भरवसा नसलेला माणूसच लागतो, असं ही कथा दाखवते.' आता बघा या वाक्यात काय काय आलं. दोन माणसं आली, कथेचा शेवट आला, आणि निबंधात पुढं काय लिहायचं तेही आलं: आधी भरवसा कुठं कुठं दिसतो, मग तो कसा फुटतो, मग काशीनाथ. गाइडचं वाक्य लिहिलं की पुढच्या परिच्छेदात काय लिहायचं हे कळत नाही, मग पोरं लेखकाचा जन्म आणि पुरस्कार लिहितात.

'बलुतं'चंही तसंच. 1978 सालचं पुस्तक. दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो, एकाच माणसाचे हे दोन तुकडे. निबंधांत याचा उल्लेख 'प्रभावी निवेदनतंत्र' असा. तंत्र कसलं? माणूस चिरलाय तिथं. 'शिक्षणानं दगडूला वर काढलं नाही, दुभंगलं; म्हणून त्याला स्वतःची गोष्ट स्वतःलाच सांगावी लागते', असा दावा करा. दुसरा म्हणेल, दुभंगला म्हणूनच तर लिहू शकला. म्हणू दे. दोघांनाही पुस्तकाची पानं उलटावी लागतील, आणि मला तेच पाहिजे.

आता आपल्या घरातलं. चळवळीतल्या पोरांनी गाइड टाकलं पण घोषणा उचलली. 'अमुक लेखक पांढरपेशा आहे', 'तमुक कविता प्रतिक्रांतीची आहे.' खाली दोन शिव्या, निबंध संपला. दोस्तहो, घोषणा मोर्चात शंभर गळ्यांनी द्यायची असते, तिथं तिचं कामच एक होण्याचं. निबंधात तुम्ही एकटे असता, समोर पुस्तक असतं. जोतीराव फुल्यांना 1885 साली रानड्यांकडनं ग्रंथकारांच्या सभेचं बोलावणं आलं. त्यांनी नुसतं 'येत नाही जा' म्हटलं नाही. जे माणसाचे हक्क प्रत्यक्ष व्यवहारात देत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा, पुस्तकांचा मेळ बसत नाही, हे सांगितलं. राग ओतप्रोत आहे, आणि कारणही आहे. शंभरावर वर्षं लोक त्या पत्राशी भांडतायत.

बाबासाहेब पंचवीस वर्षांचे असताना, 9 मे 1916 ला, कोलंबिया विद्यापीठात जातींवरचा निबंध वाचतात. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर, जातीची व्याख्या करणारे एकेक पुढं घेतात आणि त्यांच्या व्याख्या तपासतात. मग आपलं ठेवतात: जातीचं मर्म बेटीबंदीत आहे. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही सगळी ती बंदी टिकवायची साधनं. एका वाक्यातनं सगळा निबंध निघतो. 'जातिव्यवस्था दाहक आहे' एवढंच म्हणून ते खाली बसले असते तर? पुढं 'रिडल्स'मध्ये राम आणि कृष्णाच्या कथा वाचताना त्यांनी कोडं घातलं. ग्रंथात काय लिहिलंय ते पुढं ठेवलं आणि विचारलं, याला काय म्हणायचं? 1987 साली सरकारनं ते पुस्तक छापलं तेव्हा केवढी आग लागली, ते जुन्या कार्यकर्त्यांना विचारा. साध्या निंदेनं एवढी आग लागत नाही. ग्रंथातलेच आधार काढून दाखवले होते, म्हणून लागली.

तर आधी कोडं. पुस्तकात जिथं अडखळता, जिथं राग येतो किंवा लाज वाटते, तिथं पेन्सिलीनं खूण करा. दावा पहिल्या दिवशी सापडत नाही. निबंधात तो वर लिहायचा, पण सापडतो शेवटी, तिसऱ्या वाचनाला, कधीकधी अर्धा निबंध लिहून झाल्यावर. मग वरचं वाक्य खोडायचं. खोडायला पोरं घाबरतात. पान घाण होतं म्हणतात. होऊ द्या घाण.

परीक्षेत मार्क जातील का? जातील एखाद्या वेळी. 'दाहक' शोधत पेपर तपासणारे आहेत, मला माहीत आहेत. पण नीट पुरावा दिलेला दावा कापताना त्यांनाही थांबून वाचावं लागतं, आणि आपल्या पोरांचं लिहिलेलं त्यांनी थांबून वाचावं, एवढं तरी आपण त्यांच्याकडनं वसूल केलं पाहिजे.

येत्या रविवारी 'गोलपिठा' आहे. विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आधी वाचायची नाही. गेल्या वेळी निम्म्यांनी कवितेवर नाही, प्रस्तावनेवरच निबंध लिहिले होते.